माणसांचें भय आणि सरकारी मोजमाप

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींजण मनाशीं म्हणतील कीं, सेवेंतून निवृत्त झालेल्या या खेडेगांवच्या मास्तराला सरकारी दाखल्यांच्या आणि टक्क्यांच्या भानगडींत पडण्याचें काय कारण? कारण आहे, आणि तें मी भाषणाच्या उत्तरार्धांत सांगणार आहें. तत्पूर्वीं थोडा इतिहास सांगतों. कारण आजच्या दाखल्यांत जो दोष दिसतो, तो आज उत्पन्न झालेला नाहीं. त्याला शंभर-दीडशें वर्षांची वंशावळ आहे.

मी आरोंद्याचा राहणारा. आमचा गांव तेरेखोल नदीच्या कांठीं आहे. पलीकडचा तीर गोमंतकाचा. १९४८ पर्यंत अलीकडचा तीर सावंतवाडी संस्थानांत होता आणि १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पलीकडे पोर्तुगिजांचा अंमल होता. एकाच पाण्यांत जाळें टाकणारे दोघे भाऊबंद दोन निराळ्या सरकारांचे प्रजाजन होते. सरकारनें माणसाला कोणत्या कप्प्यांत घातलें आहे, यावर त्याचें नशीब किती अवलंबून असतें, ही गोष्ट सरहद्दीवरच्या माणसाला पुस्तक न वाचतांहि कळते. आजचा विषय हा अशाच एका कप्प्याचा आहे.

शाळेंत शिकविणाऱ्या कोणालाहि विचारा. वर्गांत एखादा तरी मुलगा असा असतो कीं, प्रश्नाचें उत्तर त्याच्या वहींत बिनचूक लिहिलेलें असतें, परंतु ‘उभा राहून सांग’ म्हटलें कीं त्याच्या तोंडांतून शब्द फुटत नाहीं. अशा माणसासाठीं आपल्या मराठींत शब्दांची वाण नाहीं. भिडस्त, बुजरा, संकोची, लाजाळू, मुखदुर्बळ, एकलकोंडा, किती सांगावे! परंतु हे सारे शब्द स्वभावाचे आहेत, आजाराचे नाहींत. लाजाळूपणा हा बहुतेकांत थोडाबहुत असतोच. पहिल्या दिवशीं वर्गावर जातांना माझेहि पाय लटपटत होते. दोन दिवसांनीं भीड चेपली, आणि तो विषय तेथेंच संपला.

कांहींच्या बाबतींत मात्र तो संपत नाहीं. चारचौघांच्या नजरेखालीं आलें कीं छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, हाताला कंप सुटतो. दुसऱ्यांदेखत जेवणें, सही करणें, दुकानांत जाऊन जिन्नस मागणें, फोनवर बोलणें, हीं कामें डोंगराएवढीं होतात. लग्नाचें आमंत्रण आलें, तर आधीं पंधरा दिवस झोप उडते. आणि शेवटीं मनुष्य जाणेंच सोडून देतो. आज लग्न सुटतें, उद्यां बाजार सुटतो, परवां नोकरी सुटते. बुद्धि शाबूत असते, आपलें भय निराधार आहे हें त्याला स्वतःला समजत असतें. आणि समजूनहि तें जात नाहीं, हेंच त्याचें खरें दुःख. याला वैद्यकांत सामाजिक भयगंड किंवा सामाजिक चिंताविकार म्हणतात. सौम्य प्रमाणांत तो पुष्कळांत आढळतो. तीव्र प्रमाणांत तो मनुष्याला आंधळेपणाइतकाच किंवा लंगडेपणाइतकाच जायबंदी करूं शकतो.

हें नांव तसें अलीकडचें आहे. फ्रान्समधील प्येर झाने या मानसशास्त्रज्ञानें १९०३ च्या सुमारास लोकांच्या नजरेखालीं कृति करण्याच्या भयाचें वर्णन केलें होतें. त्यानंतर १९६० च्या पुढच्या दशकांत लंडनच्या आयझॅक मार्क्स या डॉक्टरानें निरनिराळ्या भयगंडांची वर्गवारी करून हें भय इतरांपासून वेगळें काढलें. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें त्याला आपल्या अधिकृत यादींत स्थान दिलें तें १९८० सालीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९२ च्या वर्गीकरणांतहि तें स्वतंत्र नांवानें आलें. तात्पर्य, अधिकृत यादीचा विचार केला, तर या आजाराचें नांव माझ्या तरुणपणापर्यंत कोठेंहि नव्हतें. ज्याला नांव नाहीं, त्याला कायद्यांत जागा कोठून मिळणार?

आतां कायद्याकडे वळूं. हिंदुस्थानांत मनोविकाराशीं सरकारचा पहिला मोठा संबंध आला तो १८५८ च्या वेड्यांसंबंधींच्या कायद्यांनीं. त्यांच्या जागीं १९१२ चा चौथा कायदा आला. आणि १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ च्या एप्रिलमध्यें अमलांत येईपर्यंत, म्हणजे स्वराज्य मिळाल्यावरहि पंचेचाळीस वर्षें, तोच चालू राहिला. या जुन्या कायद्यांना मुख्यतः दोन प्रश्न ठाऊक होते. हा मनुष्य मोकळा ठेवण्यास धोक्याचा आहे काय? आणि याच्या मालमत्तेची व्यवस्था कोणीं पाहावी? पहिल्याचें उत्तर होकारार्थी आलें, तर मॅजिस्ट्रेटच्या हुकुमानें त्याची रवानगी व्हावयाची. आमच्या कोंकणाला रत्नागिरीचें मनोरुग्णालय माहीत आहे. तें १८८६ सालचें. ‘त्याला रत्नागिरीला नेला’ असें कोणी म्हटलें, तर ऐकणारा पुढें कांहीं विचारीत नसे.

घराच्या मागील दारीं गप्प बसून राहणारा, कोणाच्या वाटेस न जाणारा, पाहुणा आला कीं माळ्यावर चढून बसणारा मनुष्य या कायद्याच्या दृष्टीस कधींच पडला नाहीं. तो धोक्याचा नव्हता. तो दंगा करीत नव्हता. सरकारला वेड्याचा दंगा दिसे. भित्र्याचें मौन दिसत नसे. त्याचा सगळा भार एकत्र कुटुंबानें वाहिला. शेतांत, गोठ्यांत, माडाच्या बागेंत असें काम पुष्कळ असे कीं ज्याला तोंड उघडावें लागत नाहीं. त्या घरांत त्याची थट्टा होई, कधीं हेळसांडहि होई, पण ताटावर त्याची जागा असे. पुढें मुंबईच्या गिरण्यांनीं आणि कचेऱ्यांनीं घरें फुटलीं, भाऊ पांगले, आणि तो मनुष्य म्हाताऱ्या आईच्या एकट्या पेन्शनीवर किंवा चार माडांच्या उत्पन्नावर येऊन पडला. मग सरकारी साहाय्याचा प्रश्न उभा राहिला.

सरकारी साहाय्य म्हटलें कीं मोजमाप आलें. आपल्याकडे अपंगत्व शेंकडेवारींत मोजण्याची चाल कोठून आली, हें पाहण्यासारखें आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलें आहे. त्यांत हात, पाय, डोळा, अंगठा, बोट अशी यादी देऊन प्रत्येकापुढें, तो अवयव गेला असतां कमाईची शक्ति शेंकडा किती कमी झाली असें समजावें, याचा आंकडा दिला आहे. यंत्रांत हात सांपडलेल्या मजुराला मालकाशीं वाद घालीत बसावें लागूं नये, हा त्यामागचा हेतु चांगलाच होता. तुटलेलें बोट दिसतें. तें किती तुटलें हें पट्टीनें मोजतां येतें. आणि तें आज तुटलेलें व उद्यां जागेवर आलेलें असें होत नाहीं. पुढें अपंगांसाठीं ज्या ज्या सवलती निघाल्या, त्यांनीं ही शेंकडेवारीची रीत उचलली. अवयवांसाठीं बनविलेल्या तराजूवर मन तोलण्याचा प्रसंग आला, आणि खरी अडचण तेथें सुरू झाली.

१९९५ च्या अपंग व्यक्ति कायद्यानें सात प्रकारचीं अपंगत्वें मान्य केलीं. त्यांत सातवा प्रकार मानसिक आजाराचा होता. कायद्यानें त्याची व्याख्या फार सोपी केली होती: मतिमंदत्व सोडून अन्य कोणताहि मानसिक विकार. या व्याख्येंत भयगंडाला मज्जाव नव्हता. अट एवढीच कीं, अपंगत्व शेंकडा चाळीसांहून कमी नसावें आणि तसा वैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला असावा. परंतु मनाचे चाळीस टक्के कसे मोजावयाचे, हें सांगणारी सरकारी मार्गदर्शिका निघाली ती २००२ च्या फेब्रुवारींत. म्हणजे कायद्यानें दार उघडलें, परंतु उंबरठ्याची उंची ठरावयास सात वर्षें लागलीं. शिवाय त्या कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत शेंकडा तीन जागा राखून ठेवल्या, त्या दृष्टिदोष, श्रवणदोष आणि हालचालीचें अपंगत्व या तीन वर्गांत वांटल्या. मानसिक आजाराच्या वांट्याला त्यांतील एकहि आली नाहीं.

२००२ ची मोजपट्टी भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेच्या समितीनें तयार केली होती. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘आयडियाज’ म्हणतात. ती कशी चालते हें थोडक्यांत सांगतों, कारण पुढच्या हकीकतीला तें लागणार आहे. तींत चार क्षेत्रें आहेत: स्वतःची निगा, माणसांशीं संबंध, संभाषण व आकलन, आणि काम. प्रत्येक क्षेत्राला शून्यापासून चारपर्यंत गुण. शून्य म्हणजे कांहीं अडचण नाहीं, चार म्हणजे पराकाष्ठेची अडचण. आजार किती काळ चालला आहे, याबद्दल आणखी जास्तींत जास्त चार. एकूण वीस. या विसांतील गुणांवरून टक्के काढावयाचे. शिवाय मोजणाऱ्यानें केवळ रुग्णाशीं न बोलतां त्याची काळजी वाहणाऱ्या माणसालाहि विचारावें आणि जुने केसपेपर पाहावे, असें त्यांतच सांगितलेलें आहे. ही मोजपट्टी विचारपूर्वक केलेली आहे, हें मी मोकळ्या मनानें मान्य करतों. माणसांशीं संबंध हें तिनें एक स्वतंत्र क्षेत्र मानलें, म्हणजे जनभयाचें मर्म तिनें एका परीनें ओळखलेंच होतें.

परंतु त्याच मूळ मार्गदर्शिकेंत आणखी एक ओळ होती. लाभासाठीं पात्र आजार म्हणून तींत चारच नांवें दिलीं होतीं: स्किझोफ्रेनिया, मंत्रचळ म्हणजे ओसीडी, द्विध्रुवी विकार आणि वृद्धापकाळचा स्मृतिभ्रंश. कायद्यानें ‘कोणताहि मानसिक विकार’ म्हटलें, आणि मोजपट्टीच्या पहिल्या पानावर ते चारांवर आले. हे चार आजार भारी आहेत, याबद्दल वाद नाहीं. वाद एवढाच कीं, अपंगत्व आजाराच्या नांवावर ठरवावयाचें कीं त्यानें केलेल्या नुकसानीवर? वीस वर्षें घराबाहेर न पडलेला मनुष्य आपल्या आजाराचें नांव यादींत नाहीं एवढ्यासाठीं अपंग ठरत नसेल, तर ती यादी माणसापेक्षां मोठी झाली असेंच म्हणावें लागेल.

ही अडचण एकट्या आपल्या देशाची नाहीं. ब्रिटनमध्यें २०१३ पासून ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ नांवाचा भत्ता सुरू झाला. तेथें आजाराच्या नांवाची यादी नाहीं. मनुष्याला काय करतां येतें आणि काय येत नाहीं, यावर गुण देतात. त्यांत ‘समोरासमोर इतरांशीं वागणें’ ही एक स्वतंत्र बाब आहे. नुसती कोणी आठवण किंवा धीर द्यावा लागत असेल तर दोन गुण. माणसांत वावरण्यासाठीं जाणत्या सोबत्याचा आधार लागत असेल तर चार. आणि असह्य मानसिक यातनेमुळें तें मुळींच जमत नसेल तर आठ. कागदावर हें आपल्याहून पुढचें पाऊल आहे. तरीहि तेथें कज्जे झाले. २०१७ च्या मार्चमध्यें सरकारनें प्रवासाच्या बाबीसंबंधींचे नियम बदलून, मानसिक यातनेमुळें घराबाहेर न पडूं शकणाऱ्यांचे गुण कमी केले. त्या वर्षींच्या २१ डिसेंबरला लंडनच्या उच्च न्यायालयानें तो बदल पक्षपाती ठरवून रद्द केला. आणि पुढच्या महिन्यांत सरकारनें अपील न करण्याचें ठरवून सुमारें सोळा लाख प्रकरणें पुन्हां तपासण्याचें जाहीर केलें. २०१९ च्या जुलैंत तेथील सर्वोच्च न्यायालयापुढें प्रश्न आला कीं, आई किंवा मित्र जवळ असल्यानें एखाद्याला लोकांत वावरतां येत असेल, तर तो ‘आधार’ म्हणावयाचा कीं नाहीं? न्यायालयानें निवाडा दिला कीं, तो आधार परक्या तज्ज्ञाचाच असला पाहिजे असें नाहीं. त्या माणसाला जाणणाऱ्या आप्ताचाहि चालेल, मात्र त्या व्यक्तीला तशाच जाणत्या आधाराची गरज असली पाहिजे. आई लेकराबरोबर जाते, यांत विशेष तें काय, असें आपण सहज म्हणून जातों. त्या सहज वाक्यांत एक अपंगत्व झांकलें जातें, हें या निवाड्यानें दाखविलें.

आपल्याकडे २०१६ च्या डिसेंबरांत दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आला. सातांच्या जागीं एकवीस अपंगत्वें आलीं. सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा तीनांच्या चार टक्के झाल्या, आणि त्यांतील एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन-अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांना मिळून देण्यांत आला. मानसिक आजाराची व्याख्याहि नवी झाली. विचार, मनःस्थिति, संवेदन, भान किंवा स्मृति यांतील असा भारी बिघाड, कीं ज्यानें निर्णयशक्ति, वर्तन, वास्तवाची ओळख किंवा नित्य जीवनाच्या साध्या मागण्या पुऱ्या करण्याची शक्ति फार खालावते. या वाक्याचा शेवटचा तुकडा लक्षांत ठेवण्याजोगा आहे. भय हा शब्द व्याख्येंत नाहीं. परंतु बाजारांत जाऊन मीठ मागणें ही जर नित्य जीवनाची साधी मागणी नसेल, तर दुसरी कोणती? जानेवारी २०१८ मध्यें निघालेल्या मार्गदर्शिकेनें मानसिक आजारासाठीं ‘आयडियाज’ हीच मोजपट्टी कायम केली.

न्यायालयांनींहि टक्क्यांची पकड थोडी सैल केली आहे. २०२१ च्या फेब्रुवारींत, लिहितांना हात आंखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणीं, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांनीं सांगितलें कीं, लेखनिकासारखी वाजवी सोय मागावयास चाळीस टक्क्यांची अट लावतां येणार नाहीं. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत, मंत्रचळ आणि उदासीनता या आजारांनीं ग्रासलेल्या निमलष्करी दलांतील एका अधिकाऱ्यावरील शिस्तभंगाची कारवाई न्यायालयानें पक्षपाताची ठरविली. त्याच्या वागण्यामागें आजार हें एक कारण होतें, एवढें पुरेसें मानलें. आणि १५ ऑक्टोबर २०२४ रोजीं, आपल्याच महाराष्ट्रांतील वाचादोष असलेल्या एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशासंबंधीं न्यायालय म्हणालें कीं, केवळ टक्क्यांचा आंकडा पाहून कोणालाहि अपात्र ठरवूं नये. त्या अपंगत्वानें प्रत्यक्ष काम अडतें कीं नाहीं, हें मंडळानें तपासावें. या तिन्ही निवाड्यांचा मथितार्थ एकच: आंकडा हें साधन आहे, साध्य नव्हे.

श्रोतेहो, एवढें झाल्यावर मी आतां माझ्या कारणाकडे येतों.

माझ्या हाताखालीं शिकलेला एक विद्यार्थी. त्याचें नांव सांगणें बरें नव्हे. अक्षर मोत्यासारखें, गणित पक्कें. परंतु वर्गांत तोंड उघडीत नसे. मीं प्रथम समजावलें, नंतर रागावलों, आणि एके दिवशीं कविता म्हणावयास न उठल्याबद्दल त्याला तासभर सर्वांसमोर फळ्यापाशीं उभें केलें. मुलें हंसलीं. मला वाटलें, भीड मोडेल. तो दुसऱ्या दिवशीं शाळेंत आला नाहीं. तिसऱ्याहि दिवशीं आला नाहीं. पुढें त्यानें परीक्षा कशीबशी दिली आणि शाळा सोडली. त्या काळीं मीं त्याला हट्टी म्हटलें. आज त्या तासाची आठवण झाली कीं मला माझीच लाज वाटते. हा आजार मीं उत्पन्न केला असें नाहीं. परंतु त्यावर मीं मीठ चोळलें, हें खरें.

पंचवीस वर्षें लोटलीं. निवृत्तीनंतर एके सकाळीं त्याची आई माझ्याकडे आली. वडील वारलेले. मुलगा चाळिशीला आलेला. घरांतील सगळें काम करतो, वर्तमानपत्र शब्दन् शब्द वाचतो, परंतु रस्त्यावर पाऊल टाकीत नाहीं. शेजारी आले कीं मागच्या खोलींत जातो. ती म्हणाली, “गुरुजी, घरांत तो माझ्यावांगडा बोलता, भायर गेलो की तोंडाक कुलूप. माझ्या मागारी तेचां काय?” १९८० पासून आपल्या राज्यांत संजय गांधी निराधार अनुदान योजना चालू आहे, अपंगत्वाचा दाखला असेल तर तहसील कचेरींत तिच्यासाठीं अर्ज करतां येतो. तो दाखला मिळवून देण्याचें काम मीं अंगावर घेतलें.

पहिला अडथळा उपचाराच्या कागदाचा. डॉक्टर म्हटला कीं तोहि एक परका मनुष्य. ज्याला माणसांचें भय, तो औषधासाठीं माणसाकडे जाईल कसा? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणांत निरनिराळ्या विकारांनीं पीडित असलेले शेंकडा ७० ते ९२ लोक उपचारांबाहेर आढळले होते. भयगंडाच्या माणसाच्या बाबतींत हा आंकडा ऐकून मला आश्चर्य वाटलें नाहीं. वर्षभर खटपट केली, तेव्हां कोठें कागद जमले.

मग मोजणीचा दिवस आला. कोणत्या गांवीं, कोणत्या इस्पितळांत, तें विचारूं नका. दोष एका जागेचा नाहीं. आदल्या आठवड्यांत तो जवळजवळ झोपला नाहीं. सकाळीं आईनें त्याला दाढी करावयास लावली, धुतलेला सदरा घातला. चारचौघांत जावयाचें म्हणून आपण सर्वच हें करतों. तीन तास तो गर्दींत भिंतीकडे तोंड करून उभा होता. नांव पुकारल्यावर आई बरोबर उठली, तर तिला बाहेरच थांबविलें. पांच मिनिटांत तो घामानें निथळत बाहेर आला. कागदावर शेरा होता कीं, पोशाख नीटनेटका, भान पूर्ण, प्रश्नांना योग्य उत्तरें देतो. टक्के चाळीसांच्या खालीं. उत्तरें काय दिलींस म्हणून आईनें घरीं विचारलें. दुसऱ्या दिवशीं ती मला म्हणाली, “गुरुजी, तेणां सगळ्या प्रश्नांक ‘होय’ म्हटल्यान. लवकर सुटका व्हयी होती तेका.” बाजारांत जातां काय? होय. मित्र आहेत काय? होय. काम करतां काय? होय.

या प्रसंगावर मीं पुष्कळ विचार केला. आंधळ्याची दृष्टि तपासतांना त्याचा आंधळेपणा लपत नाहीं. पांगळ्याला चालावयास सांगितलें तर पांगळेपणा अधिकच दिसतो. परंतु माणसांचें भय मोजण्याची रीत म्हणजे परक्या माणसासमोर बसणें. जो अगदीं असहाय, तो मोजणीला येतच नाहीं. आणि जो जिवावर उदार होऊन येतो, तो आला म्हणूनच बरा ठरतो. आजार जें करावयास लावतो, म्हणजे नजर चुकविणें, थोडक्यांत आटोपणें, समोरच्याला हवें तें उत्तर देऊन पळ काढणें, तेंच त्याच्या विरुद्ध पुरावा होतें. ही या मोजणींतील मूळ अडचण आहे, आणि ती डॉक्टराच्या दुष्टपणानें आलेली नाहीं. एका सकाळीं पन्नास माणसें तपासावयाचीं असलीं, तर पांच मिनिटांहून अधिक वेळ देणार कोण?

तरीहि मीं मोजपट्टी समोर घेऊन मास्तराच्या संवयीप्रमाणें गणित मांडलें. स्वतःची निगा: अडचण नाहीं, शून्य. संभाषण व आकलन: समजतें सगळें, बोलवत नाहीं, एक धरूं. माणसांशीं संबंध: तीन. काम: घराबाहेरचें कांहींच नाहीं, तीन. आजार पंचवीस वर्षांचा. कालावधीचे पुरे चार. बेरीज अकरा, विसांपैकीं. या गुणांचा मनुष्य चाळीस टक्क्यांच्या आंत येत नाहीं. हें मास्तराचें घरगुती गणित. तें डॉक्टराच्या सहीची जागा घेऊं शकत नाहीं. पण त्यावरून एक गोष्ट मला स्पष्ट कळली. चूक मोजपट्टींत फारशी नव्हती. चूक ती न उघडण्यांत होती. काळजी वाहणाऱ्याला विचारा, असें जी सांगते, त्या मोजपट्टीच्या नांवानें आईला बाहेर बसविलें गेलें होतें.

आम्हीं पुन्हां अर्ज केला. या खेपेस आईच्या तोंडून ऐकून मीं दोन महिन्यांची दैनंदिनी लिहून काढली. कोणत्या दिवशीं कोण आलें, तो कोठें गेला, काय सोडलें, किती जेवला, किती झोपला. विशेषणें एकहि नाहींत; नुसत्या तारखा आणि घटना. तपासणाऱ्या डॉक्टरांना आधीं पत्र देऊन विनंति केली कीं, त्याला शेवटीं बोलवावें, आईला आंत येऊं द्यावें आणि उत्तरें लिहून देण्याची मुभा असावी. डॉक्टर भले होते. तिन्ही गोष्टी त्यांनीं मान्य केल्या. त्यानें दोन पानें लिहून दिलीं, त्याच मोत्यासारख्या अक्षरांत. दाखला मिळाला, ठराविक मुदतीचा. मुदत संपली कीं हें सारें पुन्हां आहेच. अनुदानाची रक्कम लहान आहे. परंतु आईनें तो कागद देवापुढें ठेवला तेव्हां मला म्हणाली कीं, इतकीं वर्षें लोक त्याला आळशी म्हणत होते, आज सरकारनें लिहून दिलें कीं तो आळशी नाहीं.

शहरांतील सुशिक्षित घरांत हें भाषण ऐकणाऱ्यांना माझी एवढीच विनंति आहे. आपल्या नात्यांत, शेजारीं असा एखादा असेल, तर त्याला ‘बाहेर पड, सगळें ठीक होईल’ असा उपदेश करण्यापूर्वीं त्याच्या उपचाराची सोय पाहा. हा आजार उपचारानें पुष्कळांचा हटतो, निदान आटोक्यांत येतो; आणि जितक्या लवकर ओळखाल तितका बरा. उपचारानेंहि जो हटत नाहीं, त्याच्यासाठीं दाखल्याची वाट आहे. त्या वाटेनें त्याला एकट्याला पाठवूं नका. घडलेलें लिहून ठेवा, तारखांसह. आणि जे मोजणीच्या टेबलापलीकडे बसतात, त्यांना हात जोडून सांगणें कीं, समोरच्याचा स्वच्छ सदरा पाहून निकाल देऊं नका. तो सदरा कोणीं धुतला आणि तो घालतांना काय झालें, हें बाहेरच्या बांकावर बसलेल्या बाईला विचारा.

शेवटचे दोन शब्द माझ्या त्या विद्यार्थ्यासाठीं. त्याच्या घरीं रेडिओ आहे, आणि तो रोज ऐकतो. रेडिओवरचा मनुष्य बोलतो, पण पाहत नाहीं, म्हणून तें त्याला सोसतें. आज तो ऐकत असेल, तर माझें सांगणें एवढेंच कीं, त्या दिवशीं फळ्यापाशीं तुला उभें केलें, ती चूक माझी होती. तुला उत्तर येत होतें, हें मला तेव्हांहि ठाऊक होतें.